मोगादिशूची तुकडी, नाशिकचा वर्ग: ऑनलाइन कमाईचे प्रशिक्षण कसे मांडावे

नाशिकमध्ये संगणकाचे वर्ग चालवणाऱ्या आम्हा मंडळींना एक सवय जडलेली असते. विद्यार्थी आला की आधी टायपिंग, मग वर्ड, मग एक्सेल आणि शेवटी इंटरनेट अशा ठरलेल्या पायऱ्यांनी त्याला वर चढवायचे, परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र हातात ठेवायचे. एमएस-सीआयटी 2001 मध्ये सुरू झाल्यापासून हा क्रम अंगवळणी पडला आहे आणि नोकरीच्या अर्जाला कागद जोडण्यापुरता तो ठीकही आहे. ऑनलाइन कमाई शिकवायची असेल तर मात्र तो उलटा करावा लागतो, हे मला कळले ते सोमालियातील बारा जणांच्या एका तुकडीमुळे. पुण्यात शिकणाऱ्या एका सोमाली विद्यार्थ्याने मोगादिशूतील आपल्या भावंडांसाठी आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी विचारणा केली, मी कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या वर्गातून संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, "काम मिळाले, मी ते केले, पण पैसे माझ्यापर्यंत येणार कसे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नापासून सुरू होते, आणि सुरगाणा-पेठकडील मुलांची तुकडी घेतानाही मी आता तोच क्रम धरतो.

पहिला आठवडा: पैशाचा रस्ता

सोमालियातील पैशाचा व्यवहार आपल्या मनातील चित्रापेक्षा बराच वेगळा आहे. 1991 मध्ये तिथले केंद्र सरकार कोसळले आणि त्यानंतर कित्येक वर्षे देशाच्या शिलिंगच्या अधिकृत नोटा छापल्याच गेल्या नाहीत; चलनात फिरणाऱ्या बहुतेक नोटा बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच नोंदवले आहे. त्यामुळे लोक डॉलरमध्ये व्यवहार करतात. मोगादिशूत पहिले एटीएम ऑक्टोबर 2014 मध्ये बसले आणि त्यातूनही डॉलरच बाहेर पडत होते. एवढे वाचून आपल्याकडचा माणूस तो देश मागासलेला समजून मोकळा होतो, पण मोबाइलवरून पैसे देण्याघेण्यात तिथले लोक आपल्या पुढे होते. सोमालियापासून स्वतःला वेगळा मानणाऱ्या उत्तरेकडील सोमालिलँडमध्ये टेलिसोम कंपनीची 'झाद' ही सेवा 2009 मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या यूपीआयच्या सात वर्षे आधी. मोगादिशूत होरमूद कंपनीची 'ईव्हीसी प्लस' चालते. साध्या बटणाच्या फोनवरून स्टार 712 ने सुरू होणारा क्रमांक लावायचा, गुप्त अंक टाकायचे आणि पैसे गेले, इंटरनेट लागत नाही. चहावाला आणि रिक्षावालासुद्धा असेच पैसे घेतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की त्या तीनचाकी रिक्षेला तिथे 'बजाज' असेच म्हणतात.

मेख अशी आहे की यूपीआयचे पैसे एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातात, तर ईव्हीसीचे पैसे फोन कंपनीच्या पाकिटात राहतात. परदेशी संकेतस्थळाच्या अर्जावर 'बँक खाते' हा रकाना आला की मोगादिशूतील मुलाचे बोट तिथेच थांबते. आंतरराष्ट्रीय पेमेंट कंपन्यांच्या यादीत सोमालिया एक तर नसतो, किंवा असला तरी बऱ्याचदा पैसे पाठवण्यापुरता असतो, स्वीकारण्यासाठी नसतो. याला इतिहास आहे. परदेशातील सोमाली लोक ज्या कंपन्यांमार्फत घरी पैसे पाठवतात त्यांच्यावर जगभरातील बँकांची नजर फार पूर्वीपासून संशयाची आहे: नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेने अल-बराकात ही मोठी कंपनी बंद पाडली, आणि 2013 मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने अशा कंपन्यांची खाती बंद करण्याचे ठरवले तेव्हा दहाबशील कंपनीला न्यायालयात जावे लागले. शिकवणाऱ्याला हे माहीत असले पाहिजे, कारण एखाद्या मुलाचा अर्ज नाकारला गेला की तो स्वतःला दोष देतो, आणि खरे कारण त्याच्या हातातले नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात संगणक चालू करण्याआधी प्रत्येकाकडून एक कागद करून घ्यावा. पैसे कोण देणार, कोणत्या मार्गाने देणार, मध्ये किती टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर किती कापले जाणार, किती दिवस लागणार आणि शेवटी ते कोणाच्या नावावर पडणार, हे सगळे त्यावर बाण काढून दाखवायचे. मोगादिशूच्या मुलांनी असे तीन रस्ते शोधून काढले. गावातलाच दुकानदार ग्राहक असेल तर थेट ईव्हीसी. परदेशात राहणारा सोमाली ग्राहक असेल तर पैसे पाठवणाऱ्या कंपनीमार्फत मोबाइलच्या पाकिटात किंवा रोख. परदेशी कंपनी ग्राहक असेल तर सोमाली बँकेत खाते उघडून तिथे रक्कम मागवायची, आणि ती बँक परदेशातून थेट पैसे घेऊ शकते का हे शाखेत जाऊन विचारून यायचे. तिसरा रस्ता सगळ्यांत लांबचा ठरला, त्यामुळे पहिले ग्राहक कुठे शोधायचे तेही त्याच कागदाने ठरवून टाकले.

आपल्याकडचा कागद सोपा निघेल असे मला वाटले होते, पण तसे झाले नाही. सुरगाण्याच्या काही मुलांची खाती 'स्मॉल अकाउंट' प्रकारची निघाली. अशा खात्यात वर्षभरात एक लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि ओळखीची पूर्ण पडताळणी झाल्याशिवाय परदेशातून आलेले पैसे तर जमाच होत नाहीत. तेव्हा पहिला गृहपाठ पासबुक घेऊन शाखेत जाण्याचा. परदेशातून रक्कम येताना ती कशाबद्दल आली याचा 'पर्पज कोड' बँक विचारते. त्या वेळी घाबरून "नातेवाइकाने पाठवले" असे सांगू नये, केलेल्या कामाचे बिल दाखवावे आणि बँकेकडून मिळणारी पावती जपून ठेवावी.

नावाचे स्पेलिंग

हा भाग लहान वाटेल, पण माझ्या तुकडीत सर्वाधिक डोकेदुखी यानेच झाली. सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे अशी तीन नावे सलग लागतात, आणि ओळख बऱ्याचदा टोपणनावाने असते. शिवाय 1972 मध्ये सोमाली भाषेने रोमन लिपी स्वीकारली तेव्हा घशातून येणाऱ्या 'ह'साठी 'एक्स' आणि अरबीतील 'ऐन'साठी 'सी' ही अक्षरे ठरली. त्यामुळे मोहम्मद हे नाव सोमाली पद्धतीने लिहिताना मध्ये 'एक्स' येतो आणि पासपोर्टवर इंग्रजी पद्धतीने 'एच' येतो.

तुकडीतील एका मुलाने व्हिडिओंच्या उपशीर्षकांचे, म्हणजे सबटायटल्सचे, काम करून अठरा डॉलर मिळवले. संकेतस्थळावर नावाचे दोनच रकाने होते, म्हणून त्याने स्वतःचे आणि आजोबांचे नाव भरले, तेही 'एक्स'ने. पासपोर्टवर तिन्ही नावे 'एच'ने. फोनच्या पाकिटावर तिन्ही, पण मधले नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. अठरा डॉलर एकोणीस दिवस अडकून पडले. त्या काळात तो रोज मला पडद्याचे छायाचित्र पाठवत असे, आणि रोज त्यावर तोच पिवळा पट्टा असे: पडताळणी सुरू आहे. शेवटी पासपोर्टप्रमाणे सगळीकडे नाव बदलून घेतल्यावर रक्कम सुटली.

आम्ही नाशिककर यावर हसू शकत नाही. आमच्या वर्गातील एका ज्ञानेश्वरचे आधारवरील नाव 'डी-एन'ने सुरू होते आणि पॅनवरील 'जी-वाय'ने. म्हणून आता नियम केला आहे: कोणतेही खाते उघडण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर नावाचे एकच स्पेलिंग मोठ्या अक्षरात लिहायचे आणि तो कागद संगणकाशेजारी उभा ठेवायचा. मोगादिशूच्या मुलांना त्यासाठी पासपोर्ट किंवा नवे राष्ट्रीय ओळखपत्र आधार धरावे असे सांगतो. ते ओळखपत्र तिथे सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या तीन दशकांत देशभर मान्य असे ओळखपत्र नव्हतेच, तेव्हा ज्याने अजून काढले नसेल त्याने आधी ते काढावे.

वेळापत्रक आणि जोडणी

मोगादिशूचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. नाशिकमध्ये साडेसहा वाजतात तेव्हा तिथे दुपारचे चार वाजलेले असतात आणि असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज होऊन गेलेली असते. ते शहर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास मावळतो, म्हणून तिथल्या साडेपाचच्या पुढे वर्ग लांबवू नये. शुक्रवारी सुट्टी. रमजानमध्ये वर्ग सकाळी घ्यावा, तिथले दहा म्हणजे आपले साडेबारा.

मोबाइल डेटा तिथे स्वस्त आहे, पण वीज खासगी कंपन्यांकडून येते आणि महाग पडते. जून 2017 मध्ये एका मालवाहू जहाजाच्या नांगराने समुद्राखालची केबल तोडली आणि मोगादिशूसह देशाचा मोठा भाग सुमारे तीन आठवडे इंटरनेटविना राहिला. अशी वेळ पुन्हा येईल असे धरूनच धडे बांधावेत. मी आदल्या रात्री धड्याचा सारांश पाच मिनिटांच्या आवाजी संदेशात आणि दोन पानांत व्हॉट्सअॅपवर पाठवतो. प्रत्यक्ष वर्गात कॅमेरे बंद आणि फक्त माझा पडदा चालू. पेठच्या मुलांनाही हेच सोयीचे पडले, कारण त्यांच्या पाड्यावर रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते.

काय शिकवावे

डेटा एंट्री शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीडीएफमधील आकडे तक्त्यात उतरवण्याचे काम आता यंत्र करते, आणि जे उरले आहे त्यासाठी जगभरातले हात इतक्या कमी दराला तयार असतात की नवख्याला त्यात काही उरत नाही. मग काय शिकवावे याचे उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडी असलेल्या भाषेत सापडते. अमेरिकेत मिनियापोलिस, कॅनडात टोरांटो, ब्रिटनमध्ये लंडन आणि केनियात नैरोबीचा ईस्टली भाग इथे सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांना फलक हवे असतात, उपाहारगृहांना दोन भाषांतली दरपत्रके हवी असतात, संस्थांना सूचनापत्रके आणि व्हिडिओंना उपशीर्षके हवी असतात. सोमाली आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारा माणूस जगात मुबलक नाही, आणि यंत्राचे सोमाली अजून कच्चे आहे, त्यामुळे त्याने केलेला मसुदा सुधारणारा माणूस लागतोच. आपल्याकडे मालेगाव-बागलाण पट्ट्यातील अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. अहिराणी व्हिडिओंना मराठी उपशीर्षके लावण्याचे काम पुण्या-मुंबईच्या मुलाला जमणार नाही.

सोमालियात हिंदी चित्रपट सोमालीत आवाज देऊन आवडीने पाहिले जातात, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना "अच्छा" आणि "शुक्रिया" आधीपासून येत होते आणि मला "मअल्लिन", म्हणजे गुरुजी, म्हणण्याआधी त्यांनी "नमस्ते" म्हटले. त्यातल्या दोघांना चित्रपटांना आवाज देण्याचाच धंदा करायचा होता. हक्क कोणाचे आहेत हे न विचारता तो करू नये, हे सांगताना मला वाईट वाटले, पण तक्रार आली की खाते आणि त्यातली रक्कम दोन्ही जातात.

एकाच अॅपवर कौशल्य बांधू नये. मोगादिशूचे दुकानदार टिकटॉकसाठी व्हिडिओ मागतात, आणि मला नाशिकमध्ये ते अॅप उघडताही येत नाही, कारण ते आपल्याकडे जून 2020 पासून बंद आहे. ऑगस्ट 2023 मध्ये सोमालियाच्या सरकारनेही टिकटॉक आणि टेलिग्राम बंद करण्याचा आदेश काढला. तेव्हा व्हिडिओ कापणे, उभ्या-आडव्या मापात बसवणे, आवाज साफ करणे आणि अक्षरे वाचता येतील अशी लावणे हे शिकवावे. ते कुठे टाकायचे हे बदलत राहते.

न येणाऱ्या भाषेतले काम कसे तपासावे

मला सोमाली येत नाही. मग मुलांनी केलेले लेखन बरोबर आहे की नाही, हे मी कसे सांगणार? यावर जी पद्धत सापडली ती मी आता मराठीलाही वापरतो. एका मिनिटाचा ध्वनिमुद्रित तुकडा दोघांना वेगवेगळा द्यायचा; त्यांनी एकमेकांशी न बोलता तो शब्दशः लिहून काढायचा. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून जिथे फरक आहे तिथे पिवळा रंग भरायचा. भाषा न येणाऱ्यालाही पिवळे ठिपके दिसतात. त्यानंतर दोघांनी प्रत्येक ठिपक्यावर वाद घालायचा आणि तिसऱ्याने निकाल द्यायचा.

पहिल्या दिवशी एका बाजारातल्या बोलण्याच्या तुकड्यात सत्तावीस ठिपके निघाले. त्यांतले निम्म्याहून जास्त आकड्यांचे होते: कोणी आकडा अक्षरांत लिहिला होता, कोणी अंकांत, आणि एकाने किंमत शिलिंगमध्ये धरली होती तर दुसऱ्याने डॉलरमध्ये. उरलेले बहुतेक 'पी' आणि 'बी'चे होते. सोमालीत 'प' हा ध्वनी नाही, त्यामुळे संभाषणात आलेला इंग्रजी शब्द एकाने ऐकला तसा 'बी'ने लिहिला आणि दुसऱ्याने इंग्रजीप्रमाणे 'पी'ने. चूक कोणाचीच नव्हती. ग्राहकाला काय हवे हे आधी विचारलेले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ग्राहकाला पाठवायचे चार प्रश्न आम्ही पाठ करून घेतले: आकडे कसे लिहायचे, परक्या भाषेतील शब्द कसे लिहायचे, अडखळलेले उच्चार ठेवायचे की गाळायचे, आणि ऐकू न आलेल्या जागी काय खूण करायची. सहाव्या आठवड्यापर्यंत त्याच जोडीचे ठिपके चार-पाचांवर आले.

दर

दर ठरवताना मुले मिळणाऱ्या रकमेकडे पाहतात, लागणाऱ्या वेळाकडे पाहत नाहीत. तीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाचे लेखन दहा डॉलरला घेतले असे समजू. नवख्याला एका मिनिटाच्या बोलण्यासाठी आठ मिनिटे लागतात, म्हणजे काम चार तासांचे. फाइव्हरसारखे सुटी कामे मिळवून देणारे संकेतस्थळ वीस टक्के कापते, उरले आठ. तिथली रक्कम काम पूर्ण झाल्यावर साधारणपणे चौदा दिवसांनी मोकळी होते, आणि ती काढण्याचा खर्च दोन डॉलर धरला तर हातात सहा. तासाला दीड डॉलर, तोही दोन आठवड्यांनंतर. हे गणित फळ्यावर मांडावे आणि मग त्यांनाच विचारावे की हे काम घ्यावे का. माझे उत्तर असे की सरावासाठी दोनदा घ्यावे, तिसऱ्यांदा नाही. तोच मुलगा ईस्टलीतल्या कापड दुकानदाराशी थेट बोलून महिन्याच्या आठ व्हिडिओंची उपशीर्षके ठरावीक रकमेला घेऊ शकतो, आणि त्यात मध्यस्थाचा हिस्सा नसतो.

भाड्याची खाती आणि टेलिग्रामची कामे

संकेतस्थळाच्या यादीत आपला देश दिसला नाही की कोणीतरी सल्ला देतो: आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवणारे व्हीपीएन लावा आणि केनिया निवडा, किंवा दुसऱ्याचे खाते भाड्याने घ्या. शिकवणाऱ्याने या बाबतीत गप्प राहू नये. सुरुवातीला काही होत नाही. पुरेशी रक्कम साठली की पडताळणी येते, आणि मग खातेही जाते व पैसेही. त्याहून वाईट म्हणजे आपले पाकीट अनोळखी माणसाला वापरू देणे. मोगादिशूच्या मुलासाठी त्याचा अर्थ दहशतवादाला पैसे पुरवल्याचा संशय असा होऊ शकतो. नाशिकच्या मुलासाठी सायबर पोलिसांनी गोठवलेले खाते असा होतो. "व्हिडिओला लाइक करा, दीडशे रुपये मिळवा" अशा टेलिग्रामवरच्या कामात आधी खरेच दीडशे येतात आणि मग पाच हजार भरायला सांगतात. कामासाठी आपणच पैसे भरायचे असतील तर ते काम नव्हे, एवढे एक वाक्य मी सोमाली मुलांकडून त्यांच्या भाषेत लिहून घेऊन भिंतीवर लावले आहे. फसवणूक झालीच तर आपल्याकडे 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

पहिला ग्राहक

नव्वद दिवसांच्या तुकडीत सत्तराव्या दिवसापर्यंत प्रत्येकाने एक खरा ग्राहक आणावा, अशी अट ठेवतो. तो परदेशी असण्याची गरज नाही. मोगादिशूच्या एका मुलीने शेजारच्या शिंपिणीच्या कपड्यांची छायाचित्रे खिडकीच्या उजेडात काढली, किमतींसह व्हॉट्सअॅपचा कॅटलॉग बनवला आणि सहा डॉलर ईव्हीसीवर घेतले. येवल्याच्या एका मुलाने मामाच्या मागावरच्या पैठणीसाठी तसेच केले. त्याला पदराचा रंग फोनमध्ये खरा दिसेपर्यंत तीन दुपारी घालवाव्या लागल्या, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा येत होता.

प्रमाणपत्र मी नव्वदाव्या दिवशी देत नाही. पहिली रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर जमा झाल्याचा संदेश तो दाखवतो, त्या दिवशी देतो. बारांपैकी सात जणांनी तो नव्वद दिवसांत दाखवला, दोघांनी नंतर. उरलेल्या तिघांसाठी गुरुवारी संध्याकाळी एक तास अजून चालू आहे, आणि त्यातल्या एकाचे राष्ट्रीय ओळखपत्र मागच्या महिन्यात हाती आल्यामुळे आता त्याचा कागद पुन्हा पहिल्या बाणापासून काढायला घेतला आहे.